वंशावळीत नसलेल्या लेकी

पहाटे ५.३०

डोंबिवलीच्या आमच्या घरात या वेळेला कुकर लागतो. डबे भरता भरता आजच्या फायली डोक्यात सुरू होतात. काल संध्याकाळी एक रिपोर्ट आला आहे. तो आज दुपारी एका बहिणीला आणि भावाला समोर बसवून सांगायचा आहे.

मी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या कॅन्सर विभागात जेनेटिक कौन्सेलर आहे. मी औषध लिहून देत नाही, शस्त्रक्रिया करत नाही. लोकांच्या घराण्याची हकिकत ऐकते, कागदावर उतरवते, रक्ततपासणीत काय निघू शकतं ते आधी सांगते आणि काय निघालं ते नंतर सांगते. बारा वर्षं झाली. एक गोष्ट मी प्रत्येकाला सुरुवातीलाच सांगते: कॅन्सर झालेल्या शंभर जणांपैकी साधारण पाच ते दहा जणांचाच आजार वारशाने आलेला असतो. बाकीच्यांच्या लेकराबाळांनी या भीतीत जगायचं कारण नाही. माझ्यासमोर येतात ते या पाच-दहांतले, किंवा तशी शंका असलेले.

सकाळी ९.१५

सांगोल्याकडचं कुटुंब आलं आहे. दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत उतरले आहेत. बाई ३६ वर्षांची, अंगणवाडी सेविका. डाव्या स्तनात गाठ, ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे दोन हार्मोनच्या आणि हर-टूच्या, अशा ज्या तीन खुणांवर नेम धरून औषध देता येतं, त्या तिन्ही नाहीत. इतक्या कमी वयात या जातीची गाठ आली की जनुकांची तपासणी करायची, हा आता नियमच आहे. सोबत नवरा आणि सत्तरी ओलांडलेली मावशी. आई नाही. मावशीला मुद्दाम आणायला सांगितलं होतं.

मी मोठा कागद पसरते आणि पेन्सिल घेते. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, कॅन्सर झालेल्याचं चिन्ह काळं करायचं, समोर बसलेल्याकडे बाण. संगणकावर हे काढता येतं आणि संध्याकाळी मी ते भरतेही. पण समोर कागद असला की माणसं वाकून बघतात. बोट ठेवतात. “हितं आमचा थोरला भाऊ ऱ्हायला की,” म्हणतात. पडद्याकडे बघून कुणी असं म्हणत नाही.

“मावशी, तुमच्या आईला काय झालं होतं?”

“काय न्हाई. पोटाला पानी झालं हुतं. पोट ह्ये एवढं, आन् हातापायाच्या काड्या.”

“वय काय असेल तेव्हा?”

“वय कुनाला ठावं. माझं थोरलं पोरगं रांगत हुतं. त्येच्या फुडच्या साली दुष्काळ पडला, सुकडी खाल्ली आमी.”

सुकडी म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. मी हिशेब करते. मावशींचा जन्म पन्नासच्या आसपासचा, म्हणजे त्यांची आई पंचेचाळिशीच्या आत गेली. पोटाला पाणी होऊन बाई गेली, की मी पेन्सिल जरा थांबवते. यकृताच्या आजारानेही पाणी होतं, क्षयानेही होतं. पण चाळिशीतल्या बाईच्या पोटात असं पाणी भरलं, तर अंडाशयाचा कॅन्सर मनात आणावाच लागतो. त्या काळी त्याला नाव मिळालं नाही. करणी झाली म्हणाले असतील.

“आणि हिची आई?”

“तिची पिशवी काडली हुती. पन बारीक हुती तवाच.”

माझ्या कामातला हा सगळ्यात अवघड शब्द आहे, पिशवी. सोलापूर, बीड, सांगली, जिथून कुठून बायका येतात तिथे तिशीतच पिशवी काढलेली असते. ऊसतोडीच्या बायकांच्या या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये बराच गदारोळ झाला होता. पिशवीबरोबर अंडाशय काढले की ठेवले, हे कुणालाच माहीत नसतं. कागद हरवलेले असतात. अंडाशय तरुणपणीच गेले असतील, तर वारशाने आलेला धोका तिच्या अंगात उघडाच पडलेला नसतो. घराण्याच्या नकाशावर ती निरोगी दिसते आणि बघणारा फसतो.

तिची आई बावन्नाव्या वर्षी गेली. मावशी म्हणतात, “छातीचंच.” मी वर्तुळ काळं करते.

“तुमच्या आईला बहिणी होत्या?”

मावशी गप्प होतात. “आसतील. आईचं म्हायेर लांब हुतं. म्हायेरचं नाव काय तिचं, त्ये बी याद न्हाई. सासरी आल्यावर नाव बदलतातच की.”

आपल्याकडे वंशावळ राखायची रीत जुनी आहे. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची नावं आहेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी नंदीबैल घेऊन दारात येतात आणि घराण्यातले पुरुष सांगत जातात. या सगळ्यात चालते ती मुख्यतः बापाची ओळ. लेक लग्न होऊन गेली की त्या वहीतून उठली, आणि सासरी तिचं पाळण्यातलं नावही गेलं. जनुक मात्र आईकडून आणि बापाकडून अगदी सारखं उतरतं. ज्या बायकांची नोंद कुणी ठेवली नाही, त्यांच्यापाशी येऊन माझी पेन्सिल रोज अडते.

पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६६ साली आपल्याच बायकोच्या घराण्याचा असा तक्ता छापला होता. चार पिढ्यांत स्तनाचा कॅन्सर. जनुक हा शब्दही तेव्हा नव्हता. मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावर बीआरसीए-१ या स्तनाच्या कॅन्सरच्या जनुकाची जागा दाखवली ती १९९० मध्ये आणि जनुक हाती लागलं १९९४ मध्ये. त्याआधी सव्वाशे वर्षं जे काही हाती होतं ते घरातल्या माणसांच्या आठवणीतूनच आलेलं होतं.

रक्त घेतलं. जांभळ्या टोपणाची एक नळी. रिपोर्टला काही आठवडे लागतील. निघताना मावशी माझा हात धरून म्हणाल्या, “आठवलं तर सांगीन बाई.”

११.४०

नाशिकचा ४४ वर्षांचा माणूस. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, शस्त्रक्रिया झाली आहे. वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याच आजाराने गेले. आत्याला गर्भाशयाचा. तो विचारतो, “मॅडम, आत्याच्या आजाराचा आणि माझ्या आतड्याचा काय संबंध?”

संबंध आहे. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. मी त्याला सांगते: छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस असतो ना, तसा पेशीतही असतो. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि तिच्यात चुका राहतात. त्या दुरुस्त करायचं काम एमएलएच-१, एमएसएच-२ अशा काही जनुकांवर आहे. त्यातलं एक जन्मतःच बिघडलेलं असेल, तर चुका साठत जातात, आणि त्या आतड्यात आणि गर्भाशयात आधी नडतात.

या आजाराची पहिली ओळख एका शिवणकाम करणाऱ्या बाईने करून दिली. अमेरिकेत मिशिगनमध्ये १८९५ साली ती डॉ. वॉर्थिन यांना म्हणाली, की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर बायकांच्या अवयवांच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. गर्भाशयाच्या कॅन्सरनेच ती गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची हकिकत १९१३ मध्ये छापली आणि पुढे तिच्याच वंशात एमएसएच-२ मधला बिघाड सापडला. त्या बाईला आपल्या माणसांचे आजार तोंडपाठ होते म्हणून हे घडलं.

या माणसाला दोन मुलगे, एक धाकटा भाऊ. रिपोर्ट बिघाडाचा आला आणि त्यांच्यातही तो निघाला, तर त्यांनी काय करायचं ते ठरलेलं आहे: पंचविशीच्या आसपासपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी. मोड, म्हणजे पॉलिप, दिसला की तिथेच काढायचा, कॅन्सर होऊच द्यायचा नाही. ॲस्पिरिनचाही उपयोग आहे. लिंच असलेल्या ८६१ जणांवर झालेल्या अभ्यासात रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये पुढच्या दहा वर्षांत आतड्याचे कॅन्सर कमी झाले. अर्थात डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नाही, हे मी त्याला दोनदा सांगते.

आणि एक चांगली बातमी. चुकांनी भरलेली ही गाठ शरीराच्या सैनिकांना परकी दिसते, म्हणून इम्युनोथेरपी तिच्यावर चालते. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये २०२२ साली गुदाशयाच्या अशाच कॅन्सरच्या १२ रुग्णांना डोस्टारलिमॅब दिलं आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. ना शस्त्रक्रिया, ना रेडिएशन. औषध फार महाग आहे, तेही मी सांगते. पण त्याच्या वडिलांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. हे ऐकून तो ताठ बसला.

१.३०

डबा. शेपूची भाजी. दहा मिनिटं.

दुपारी २

साताऱ्याकडची शिक्षिका, ३८ वर्षांची, आणि तिचा मोठा भाऊ. शस्त्रक्रिया, किमो सगळं झालेलं. हिचे काळेभोर केस परत आलेत, आखूड. बंद पाकीट मी टेबलावर ठेवत नाही. त्याच्याकडेच डोळे लागून राहतात. बसल्या बसल्या सांगते: “बीआरसीए-२ मध्ये बदल सापडला आहे. तुमचा आजार वारशाने आला आहे.”

ती म्हणाली, “म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं.”

हे वाक्य मी अनेक तोंडांतून ऐकलं आहे. उपास केले नाहीत, बाहेरचं खाल्लं, पोराला अंगावर कमी पाजलं, असे अपराध बायका वर्षानुवर्षं मनात मोजत असतात. मी तिला पुरता वेळ दिला.

भावाची समजूत, की हे आईकडून आलं. बाईचा आजार, बाईकडूनच येणार. मी नकाशा फिरवून त्याच्यासमोर धरला. आईच्या बाजूला एकही काळं चिन्ह नाही. बापाच्या बाजूला वडिलांना अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रोस्टेटचा आणि आत्याला स्तनाचा. वडिलांकडून बहिणीत उतरलं, तसं त्याच्यातही उतरलेलं असण्याची शक्यता निम्मी आहे. छाप की काटा. असेल तर चाळिशीपासून प्रोस्टेटची रक्ततपासणी, आणि पुरुषाच्या छातीतही गाठ येऊ शकते, ती त्याने स्वतः चाचपायची.

“माझ्या पोरी?” एक चौदाची, एक नऊची.

“आता तपासायच्या नाहीत. लहानपणी हा आजार होत नाही, त्यामुळे आता कळून करण्यासारखं काही नाही. मोठ्या झाल्या की त्या ठरवतील. आधी तुम्ही तपासा. तुमच्यात नसेल तर पोरींचा प्रश्नच मिटला.”

तो बराच वेळ खिडकीकडे बघत बसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “हे गावात कळलं तर त्यांची लग्नं कशी व्हायची मॅडम?”

या प्रश्नाला मी हलकं उत्तर कधी देत नाही, कारण भीती खोटी नाही. रिपोर्ट ज्याचा त्याचा असतो, गावाला सांगायची काही गरज नाही, हे मी त्याला सांगितलं. पण रक्ताच्या माणसांना सांगावंच लागतं. काही वर्षांपूर्वी एका बाईला असाच रिपोर्ट दिला होता. दिरा-भावांत बोलणं नको म्हणून तिने चार वर्षं माहेरी सांगितलं नाही. मग तिच्या भावाची मुलगी आमच्याच ओपीडीत आली, एकोणतीस वर्षांची, तिसऱ्या टप्प्यातली गाठ घेऊन. मी तिला ओळखत नव्हते. नकाशावर ती एक रिकामं वर्तुळ होती, मीच काढलेलं. रुग्णाच्या परवानगीवाचून मी नातेवाइकांना फोन करू शकत नाही. हा नियम बरोबर आहे, आणि त्या दिवशी तो मला सहन झाला नाही.

तेव्हापासून मी एक मराठी पत्र लिहून ठेवलं आहे. त्यात रुग्णाचं नाव नाही. ‘आपल्या जवळच्या नात्यात असा एक जनुकीय बदल सापडला आहे, आपण तपासणी करून घ्यावी’, एवढंच, आणि कुठे जायचं ते. शिक्षिकेने पाच प्रती मागितल्या. भावाने त्यातली एक स्वतःच्या खिशात घातली.

तिच्या पुढच्या उपचाराचंही बोललो. पेशीत डीएनएला रफू करणारे दोन कारागीर आहेत समजा. बीआरसीए हा एक, पार्प हा दुसरा. तिच्या गाठीच्या पेशींमध्ये पहिला कारागीर उरलाच नव्हता. ओलापारिब हे औषध दुसऱ्याचे हात बांधतं. मग त्या पेशीला फाटलेलं शिवायला कुणी राहत नाही आणि ती मरते. अंगातल्या निरोगी पेशींकडे बीआरसीएची एक चांगली प्रत शिल्लक असते, त्या तगतात. प्रयोगशाळेत हे २००५ मध्ये दिसलं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या पण परतण्याचा धोका जास्त असलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये वर्षभर ही गोळी दिली तर आजार परत येणं कमी होतं, हे २०२१ मध्ये सिद्ध झालं. तिचा आजार त्याच गटात बसतो. ज्या बिघाडाने आजार दिला, त्याच बिघाडावर औषधाने बोट ठेवलं आहे. तिचे कॅन्सरचे डॉक्टर आता तिला पुढचं सांगतील.

३.५०

ठाण्याहून आलेल्या एक बाई. बाहेरून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट त्यांच्या मोबाइलवर आला, ‘व्हीयूएस’ लिहिलेला, म्हणजे अर्थ ठरलेला नाही असा बदल. कुणीतरी त्यावरून अंडाशय काढून टाका म्हणालं आणि तारीखही ठरली. मी त्यांना शुद्धलेखनाचं उदाहरण दिलं. ‘दिन’चं ‘दीन’ झालं तर अर्थ बदलतो. पण ‘नदी’ऐवजी कुणी ‘नदि’ लिहिलं, तरी वाचणाऱ्याला नदीच कळते. तुमच्या जनुकातला हा बदल पहिल्यासारखा आहे की दुसऱ्यासारखा, हे ठरलेलं नाही, आणि अशा बदलांमधले बरेचसे पुढे निरुपद्रवी ठरतात. आपल्या लोकांच्या जनुकांची नोंद युरोपियनांच्या मानाने कमी, म्हणून आपल्या रिपोर्टांत असे बदल जास्त निघतात. त्यावरून शस्त्रक्रिया करायची नसते. समजावून न सांगता असा रिपोर्ट हातात देणं मला गुन्हाच वाटतो. त्यांनी तिथेच बसून तारीख रद्द केल्याचा फोन केला.

४.३०

पुण्याची मुलगी, ३१ वर्षांची, बीआरसीए-१. तिला काहीही झालेलं नाही. आई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली, म्हणून तपासणी केली. आज तिचा वार्षिक एमआरआय झाला. पाळी आल्यापासून दुसऱ्या आठवड्यात तो केलेला बरा, म्हणून तारखा जुळवण्यातच तिची निम्मी रजा जाते.

ती म्हणते, “ऑफिसात काय सांगू? आजारी आहे म्हणावं तर आजारी नाही. नाही म्हणावं तर ही फाईल.” मी उत्तर शोधते. रोगी आणि निरोगी हे दोनच शब्द आपल्याकडे आहेत. ती दोन्हींच्या मधे उभी आहे आणि तिथे अजून बरीच वर्षं उभं राहायचं आहे. तपासणीच्या आधीचे आठ दिवस झोप नाही, रिपोर्ट चांगला आला की चार महिने बरे जातात.

२०१७ च्या एका मोठ्या अभ्यासातले आकडे तिला पाठ आहेत: बीआरसीए-१ असलेल्या शंभर जणींपैकी सुमारे ७२ जणींना ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा, ४४ जणींना अंडाशयाचा. स्तनासाठी एमआरआय आहे, तिशीपासून मॅमोग्राफी आहे, पकड लवकर होते. अंडाशयासाठी भरवशाची तपासणी नाही, हे मी तिला पुन्हा सांगितलं. म्हणून ३५ ते ४० च्या दरम्यान, मुलंबाळं झाल्यावर, अंडाशय आणि बीजवाहक नलिका काढायचा सल्ला असतो. यातले बरेच कॅन्सर नलिकेच्या टोकाशीच सुरू होतात. स्तन आधीच काढून टाकायचे की नाही, हे तिचं तिने ठरवायचं. अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये तो निर्णय जगाला सांगितला तेव्हापासून प्रत्येक जण हिला तोच विचारतो. न काढता नियमाने तपासणी करत राहणं हाही पूर्ण शहाणपणाचा मार्ग आहे. ती सध्या त्या मार्गावर आहे आणि मी तिच्या बाजूने आहे.

विम्याचं विचारलं तिने. आनुवंशिक आजार म्हणून दावा नाकारणारं कलम भेदभाव करणारं आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं. अमेरिकेत २००८ पासून आरोग्यविमा आणि नोकरी यांपुरता स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा व्हायला हवा. त्यावाचून लोक तपासणीलाच घाबरतात.

संध्याकाळी ५.४५

निघता निघता विभागातला फोन वाजतो. धर्मशाळेतून मावशी. “बाई, याद आलं. आईची थोरली बहीन अकलूजला दिली हुती. ती बी तसंच पोटाला पानी होऊन गेली. म्हायेरी सोनी म्हनायचे तिला. सासरचं नाव रखमा.”

मी कागद पुन्हा पसरला. एक वर्तुळ काढलं, तिरकी रेघ मारली, शेजारी प्रश्नचिन्ह, आणि दोन्ही नावं लिहिली. तिला मुली किती होत्या ते मावशी उद्या विचारून सांगणार आहेत.

७.१०

लोकलच्या लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या बायका, झोपलेल्या बायका. या डब्यातल्या बहुतेकींच्या घरात वारशाचा कॅन्सर नाही. पण कुणाच्या घरात तो आहे, हे विचारल्याखेरीज कळणार नाही. म्हणून वाचणाऱ्यांना एक मागणं. तुमच्या घरातली सगळ्यात वयस्कर बाई कोण, आत्या, मावशी, आजी, तिच्यापाशी या रविवारी वही घेऊन बसा. आईकडची आणि बापाकडची, दोन्ही बाजू विचारा. कोण कशाने गेलं, कितव्या वर्षी, पिशवी काढली असेल तर अंडाशय राहिले का. पन्नाशीच्या आत गेलेली माणसं, दोन्ही स्तनांचा किंवा अंडाशयाचा आजार, एकाच बाजूला दोन-तीन जणांचा सारखा आजार, असं काही निघालं तर वही घेऊन डॉक्टरांकडे या. आणि बायकांची माहेरची नावं लिहायला विसरू नका.